एक लाख कंठांची अनुमोदना

अमेरिकेत मुलांकडे जाऊन आलेल्या आईवडिलांनी नायगारा धबधबा, न्यूयॉर्क शहर आणि तेथील जिनालये यांविषयी लिहावे, असा आपल्या मासिकांचा प्रघात आहे आणि तो योग्यही आहे. प्रस्तुत लेखात मात्र वाचकांना ज्या ठिकाणी नेण्याचा विचार आहे, तेथे आपली मंडळी सहसा जात नाहीत. ती ठिकाणे म्हणजे तेथील विद्यापीठांची फुटबॉल क्रीडांगणे. मौन, सामायिक आणि प्रतिक्रमण यांच्या संस्कारात वाढलेल्या माणसाने जगातील अतिशय गोंगाटाच्या जागा पाहाव्यात आणि त्यांची तुलना करावी, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु दोन शरद ऋतूंत मुलगा, सून, मुलगी व नात यांच्यासमवेत अशी तीन क्रीडांगणे पाहिली आणि गर्दीचा आवाज ही केवळ मोजण्याची नव्हे, तर विचार करण्याची वस्तू आहे, असे मनात ठसले.

प्रथम या खेळाविषयी थोडेसे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, तो हा नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही बाजूंस अकरा-अकरा खेळाडू, डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यांवर जाड गाद्या. अमेरिकेतील दोन महाविद्यालयांमधील पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात न्यू जर्सी राज्यात झाला असे मानतात. त्या बीजाचा आज केवढा वटवृक्ष झाला आहे, हे एका गोष्टीवरून कळेल. आपले वानखेडे स्टेडियम सुमारे ३३ हजार आसनांचे आहे. एक लाखाहून अधिक आसनांची म्हणून अमेरिकेत जी आठ स्टेडियमे ओळखली जातात, ती आठही विद्यापीठांची आहेत. व्यावसायिक संघांचे त्यात एकही नाही. ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, म्हणजे साधारणतः आपल्या पर्युषणाच्या सुमारास सुरू होऊन दिवाळीच्या पुढे, दर शनिवारी हा मेळा भरतो.

या खेळात आवाजाला विशेष काम आहे. चेंडू ज्या संघाकडे असतो, त्याला चार संधींत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. प्रत्येक संधीपूर्वी त्या संघाचा सूत्रधार, म्हणजे क्वार्टरबॅक, आपल्या सहकाऱ्यांना ओरडून संकेत देतो. तो संकेत ऐकू आला नाही आणि एखादा गडी क्षणभर आधी हलला, तर पाच यार्डांचा दंड होतो. म्हणून पाहुण्या संघाकडे चेंडू असला की यजमान प्रेक्षक जीव तोडून ओरडतात; विशेषतः तिसऱ्या संधीला, कारण चौथ्या संधीत बहुधा चेंडू लाथेने दूर मारून प्रतिपक्षाला द्यावा लागतो. चेंडू स्वतःच्या संघाकडे आला की तेच प्रेक्षक गप्प होतात. नियमानुसार संकेताच्या वेळी वाद्यवृंद आणि ध्वनिक्षेपकावरील संगीत थांबवावे लागते. मागे उरतो तो केवळ माणसांच्या कंठांचा आवाज.

पहिले क्रीडांगण मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर या गावचे. १९२७ साली बांधलेल्या या स्टेडियमला लोक कौतुकाने ‘बिग हाउस’, म्हणजे मोठे घर म्हणतात. अधिकृत आसनसंख्या १,०७,६०१. गावाची लोकसंख्या सुमारे सव्वा लाख. नोव्हेंबर १९७५ पासून येथील सामन्याला लाखाहून कमी प्रेक्षक आले नाहीत. अपवाद फक्त २०२० च्या महामारीचा. १८९८ साली लुई एल्बेल या विद्यार्थ्याने रचलेले विजयगीत आजही वाद्यवृंद वाजवतो आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना ते तोंडपाठ असते.

ऑक्टोबरमधील शनिवार होता. मेपलची पाने तांबूस झाली होती. रस्त्यावरून पाहता हे स्टेडियम एवढे भव्य असेल अशी कल्पना येत नाही, कारण त्याचा बराचसा भाग जमिनीच्या पातळीखाली आहे. दारातून आत शिरलो आणि पायांखाली एखादी विस्तीर्ण परात मांडून ठेवावी तसे ते पिवळ्या-निळ्या वस्त्रांनी भरलेले दिसले. खुर्च्या फारशा नाहीत. लांबलचक बाक आणि त्यांवर क्रमांक. बाक भरले की थंडीत शेजाऱ्याच्या खांद्याची ऊब लागते. बाहेरच्या मोकळ्या मैदानात मोटारींमागे शेगड्या मांडून लोक मांस भाजत होते; त्या धुरातून नाक दाबून वाट काढावी लागली, हे सांगितले पाहिजे. आत मात्र शिस्त होती, हसतमुख माणसे होती आणि अनोळखी म्हाताऱ्याला हात देऊन पायऱ्या उतरवणारे तरुण होते.

आवाजाच्या बाबतीत या मोठ्या घराची जुनी ख्याती मात्र बेताचीच होती. परातीसारख्या उथळ उताराच्या जागेतून आवाज आकाशात निघून जातो. २०१० मध्ये दोन्ही बाजूंस उंच इमारती उभारल्या, तेव्हापासून तो काहीसा आत अडू लागला. तरीही तिसऱ्या संधीला लाख माणसांनी एकदम हाक दिली, तेव्हा छातीच्या फासळ्यांना ती जाणवली. पाहुण्या संघाचा एक गडी दचकून आधीच हलला. दंड झाला. जल्लोष उसळला.

त्याच क्षणी नातीने बाही ओढली. ती अकरा वर्षांची आहे आणि रविवारी फार्मिंग्टन हिल्स येथील जैन मंदिराच्या पाठशाळेत जाते. ती म्हणाली, “आजोबा, तो मुलगा चुकावा म्हणूनच आपण ओरडतोय ना? पाठशाळेत करणं, करवणं आणि अनुमोदणं शिकवतात. त्यातलं हे तिसरं का?”

आयुष्यभर खातेदारांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. या प्रश्नाला तेथल्या तेथे उत्तर सुचले नाही. जैन विचारात कृती स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि दुसऱ्याने केलेलीला संमती देणे या तिन्हींनी कर्मबंध होतो. प्रेक्षक खेळत नाही, खेळवतही नाही. तो केवळ अनुमोदना करतो. मग लाख माणसांची ही अनुमोदना नेमकी कशाची? पुढील दोन क्रीडांगणे हा प्रश्न मनात ठेवूनच पाहिली.

दुसरे क्रीडांगण सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे, ‘हस्की स्टेडियम’. मुलगी त्या शहरात राहते. एका बाजूस लेक वॉशिंग्टन हे विशाल सरोवर आहे. काही प्रेक्षक चक्क नावांतून येतात आणि त्या किनाऱ्याला बांधून सामन्याला जातात. आसने सुमारे सत्तर हजार, म्हणजे अ‍ॅन आर्बरच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. परंतु दोन्ही लांब बाजूंच्या बैठकींवर पुढे झेपावलेली छते आहेत आणि वर गेलेला आवाज त्यांवर आदळून मैदानात परत येतो. १९९२ साली नेब्रास्का विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात येथे १३३.६ डेसिबल इतका क्षणिक उच्चांक दूरचित्रवाणीच्या पथकाने नोंदवला. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वाधिक गोंगाट म्हणून आजही तोच आकडा सांगितला जातो.

येथे थोडा हिशेब मांडावासा वाटतो. डेसिबल हे माप आपल्या नेहमीच्या बेरजेने चालत नाही. आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली की मापात केवळ तीन डेसिबलांची भर पडते. म्हणजे ओरडणारी माणसे दुप्पट केली तरी वाढ तिनाचीच. त्या न्यायाने अ‍ॅन आर्बरची लाखाहून मोठी गर्दी आणि सिअ‍ॅटलची सत्तर हजारांची गर्दी यांत माणसांच्या संख्येमुळे पडणारा फरक दोन डेसिबलांचाही भरत नाही. बाकी सारा फरक छताचा, उताराचा आणि मैदानापासूनच्या अंतराचा. व्यापारी वाचकांना हे चटकन पटेल: उलाढाल मोठी म्हणून नफा मोठा असे नसते, जे आत आले ते बाहेर किती झिरपते, यावर सारे अवलंबून असते.

कानांची काळजीही येथेच सांगितली पाहिजे. अमेरिकेतील कामगार आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तास सुरक्षित मानतात. १०० डेसिबलला ही मर्यादा पंधरा मिनिटांवर येते. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. सिअ‍ॅटलमध्ये कडेवरच्या बाळांच्या कानांवर जाड आच्छादने होती, ती पाहून बरे वाटले.

सिअ‍ॅटलला जे शिकायला मिळाले, ते मात्र गोंगाटाविषयी नव्हते. पाहुण्या संघाला तेथे काहीही ऐकू येणे शक्य नसते, म्हणून तो बोलणेच सोडून देतो. सूत्रधार पाय उचलतो, हाताने खूण करतो. पुढचा गडी मान वळवून ती पाहतो आणि मनात मोजून चेंडू मागे देतो. त्या प्रचंड कोलाहलाच्या मध्यभागी अकरा तरुण मौनात काम करत होते. काही मिनिटांनी चेंडू यजमानांकडे आला आणि सत्तर हजार माणसे, कोणी न सांगता, शांत झाली. इतकी, की यजमान सूत्रधाराचा आवाज आमच्या रांगेपर्यंत पोहोचला. एवढ्या मोठ्या समुदायाला कधी गप्प बसायचे हे ठाऊक असते, ही गोष्ट १३३.६ या आकड्याहून अधिक लक्षात राहिली.

दक्षिणेकडील राज्यांत आवाजाच्या तऱ्हा निराळ्या. तेथे आमचे जाणे झाले नाही, पण दोन ठिकाणांचा वृत्तांत तुलनेसाठी आवश्यक आहे. लुइझियाना राज्य विद्यापीठाचे बॅटन रूज येथील ‘टायगर स्टेडियम’ रात्रीच्या सामन्यांसाठी प्रसिद्ध आहे. ८ ऑक्टोबर १९८८ च्या रात्री ऑबर्न विद्यापीठाविरुद्ध यजमान मागे होते. अखेरची दोन मिनिटेही उरली नसताना, चौथ्या म्हणजे शेवटच्या संधीला, टॉमी हॉडसनने फेकलेला चेंडू एडी फुलरने झेलला आणि यजमान ७-६ असे जिंकले. सुमारे ७९ हजार प्रेक्षक एकदम उड्या मारू लागले. जवळच्याच भूशास्त्र विभागातील भूकंपमापकावर त्या क्षणाची नोंद उमटलेली दुसऱ्या दिवशी आढळली. तेव्हापासून तो सामना ‘भूकंपाचा सामना’ म्हणून ओळखला जातो. अ‍ॅन आर्बरला ऐकलेला जल्लोष प्रतिस्पर्ध्याच्या चुकीचा होता. हा मात्र स्वतःच्या खेळाडूंनी हातघाईच्या वेळी साधलेल्या उत्तम गोष्टीचा.

दुसरे ठिकाण मिसिसिपी राज्य विद्यापीठाचे, स्टार्कव्हिल गावचे. तेथील प्रेक्षक हातात गाईच्या गळ्यातील घंटा घेऊन येतात. फार पूर्वी एक गाय सामन्यात मैदानावर शिरली आणि तो दिवस यजमानांना शुभ ठरला, अशी आख्यायिका आहे. विद्यापीठांच्या प्रादेशिक संघटनेने १९७४ मध्ये अशा कृत्रिम आवाजांवर बंदी घातली. घंटा तरीही कोटाच्या आतून येतच राहिल्या. अखेर २०१० मध्ये तडजोड झाली: घंटा आणा, वाजवा; पण पाहुण्यांचा संघ खेळीसाठी सज्ज झाला की थांबा. नियम मोडला तर विद्यापीठाला दंड. त्या दिवसापासून स्टार्कव्हिलचे हजारो घंटाधारी संयमाचा सराव करीत आहेत. आपल्या पांजरापोळीत गाईच्या गळ्यात किणकिणणारी घंटा सातासमुद्रापार संयमाचे साधन व्हावी, हे वाचून मौज वाटली.

आणखी एका रिवाजाचा उल्लेख येथेच करतो. नेब्रास्का राज्यातील लिंकन येथील स्टेडियमची तिकिटे १९६२ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक सामन्याला संपूर्ण विकली गेल्याची नोंद आहे. एवढी निष्ठा असूनही सामना संपल्यावर पाहुणा संघ मैदान सोडतो तेव्हा तेथील प्रेक्षक त्याला टाळ्या देतात. पाहुणे हरलेले असोत वा जिंकलेले. तीन तास ज्यांना ओरडून सळो की पळो केले, त्यांनाच निरोपाची दाद. संवत्सरीला आपण ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणतो, त्याची येथे आठवण झाली.

तिसरे क्रीडांगण आयोवा सिटी येथील ‘किनिक स्टेडियम’. अ‍ॅन आर्बरहून मोटारीने सातशे किलोमीटरांहून अधिक अंतर. इंडियाना व इलिनॉय ही राज्ये ओलांडून, कापणीला आलेल्या मक्याच्या शेतांमधून रस्ता जातो. नाइल किनिक हा येथील विद्यार्थी १९३९ साली देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला आणि १९४३ साली नौदलाच्या प्रशिक्षण-उड्डाणात मृत्यू पावला. त्याच्या स्मरणार्थ १९७२ मध्ये स्टेडियमला त्याचे नाव देण्यात आले. आसने सुमारे ६९ हजार. पहिली रांग मैदानाच्या अगदी कडेला, त्यामुळे आवाज पाहुण्यांच्या पाठीवर येऊन पडतो. पण या जागेचे वैशिष्ट्य तो आवाज नव्हे.

स्टेडियमच्या अगदी शेजारी विद्यापीठाच्या बालरुग्णालयाची बारा मजली इमारत आहे. ती २०१७ मध्ये सुरू झाली. सर्वांत वरच्या मजल्यावरून मैदान दिसते आणि सामन्याच्या दिवशी आजारी मुले व त्यांचे आईवडील तेथील काचांपाशी जमतात. त्याच वर्षी कोणीतरी सुचवले की, खेळाच्या पहिल्या चरणानंतर सर्वांनी त्या मुलांकडे पाहून हात हलवावा. तेव्हापासून तसे घडत आले आहे.

आम्ही गेलो त्या दिवशी पहिला चरण संपला आणि ६९ हजार माणसे मैदानाकडे पाठ किंवा बाजू करून वळली. पंच वळले. यजमान खेळाडू वळले आणि क्षणापूर्वी ज्यांच्यावर सारा गोंगाट रोखलेला होता, ते पाहुणे खेळाडूही वळले. सर्वांचे हात वर गेले. वर काचेआड लहान आकृती दिसत होत्या. काही मुले उचलून घेतलेली, काही चाकाच्या खुर्चीत. तेथूनही हात हलत होते. आमच्या पुढच्या रांगेतील एक धिप्पाड गृहस्थ डोळे पुसत होते. नातीने दोन्ही हात हलवले आणि ती काही बोलली नाही. मिनिटभराने शिट्टी झाली, सर्वजण पुन्हा मैदानाकडे वळले आणि पूर्वीइतक्याच त्वेषाने आरडाओरडा सुरू झाला.

तिच्या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर देण्याचा अधिकार महाराजसाहेबांचा आहे. गृहस्थाच्या अनुभवातून एवढे म्हणता येते की, अनुमोदनेला आवाजाची उंची नसते, दिशा असते. दोन्ही संघांनी मान्य केलेल्या नियमांत राहून खेळाडूला रोखणे ही एक गोष्ट. त्याच्या चुकीने वा दुखापतीने हर्षित होणे ही दुसरी. बाहेरून दोन्हींचा डेसिबल एकच भरेल, पण मनात होणारी नोंद निराळ्या खात्यावर पडते. कित्येक दशके या तरुणांना शिष्यवृत्तीपलीकडे मोबदला घेता येत नव्हता. २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाईची आणि २०२५ पासून विद्यापीठाच्या उत्पन्नात वाटा मिळण्याची सोय झाली. त्यापूर्वीच्या पिढ्यांना मिळाला तो मुख्यतः हा आवाजच. म्हणून तो कोणत्या भावाने दिला जातो, याला महत्त्व आहे. आपल्या वरघोड्यात ध्वनिवर्धकांची भिंत उभी करून त्यालाच प्रभावना म्हणण्यापूर्वी हा विचार आपणही करण्याजोगा आहे. रस्त्याकडेला रुग्णालय आले की स्टार्कव्हिलच्या घंटेप्रमाणे थांबणे आपल्याला अवघड नाही.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी शेवटी काही सूचना. संख्येचे आश्चर्य पाहायचे असेल तर अ‍ॅन आर्बर, आवाजाची किमया अनुभवायची असेल तर सिअ‍ॅटल निवडावे; नातवंडे सोबत असतील आणि एकच सामना पाहणे शक्य असेल, तर आयोवा सिटीच निवडावी. शक्यतो दुपारी बाराच्या सुमारास सुरू होणाऱ्या सामन्याची तिकिटे काढावीत. सुमारे साडेतीन तासांत तो आटोपतो आणि चौविहार सांभाळता येतो. बाहेरचा डबा सहसा आत नेऊ देत नाहीत, म्हणून निघण्यापूर्वी घरीच जेवावे. बसायला छोटी गादी, अंगावर लोकरी कपडे आणि कानांत घालण्यासाठी स्पंजचे बोळे जवळ असावेत. आयोवा सिटीला मात्र पहिला चरण संपण्याच्या वेळी फराळ आणायला उठून जाऊ नये. ते एक मिनिट आपल्या जागेवर उभे राहून, वरच्या मजल्याकडे पाहत घालवावे.